नववी चपटी

झडती घेताना वॉशर डोळे मिटून घेतो. माळ्यावर हात घालायचा असो, फ्लशच्या टाकीत असो किंवा कपाटामागच्या फटीत, आधी डोळे बंद आणि मग हात आत. बोटांना काच लागली की ती वस्तू तो न बघता पाठीमागे धरतो. मागे उभ्या असलेल्या बाई ती काढून घेतात. लेबल वाचणं, किती भरलेली आहे ते बघणं, वहीत लिहिणं आणि मोरीत ओतणं ही सगळी कामं बाईंची. पाच वर्षांत वॉशरने दोनशेच्या वर बाटल्या शोधल्या असतील. त्यातल्या एकीचंही लेबल त्याने पाहिलेलं नाही.

तो नळदुरुस्तीची कामं करतो. वय छप्पन्न, अंगाने किडकिडीत, उजव्या हाताची दोन नखं कायमची काळी पडलेली. हे टोपणनाव त्याला व्यसनमुक्ती केंद्रात मिळालं. तक्रार गळक्या नळाची असो किंवा बिघडलेल्या संसाराची, त्याचं पहिलं निदान ठरलेलं असायचं: "वॉशर गेलाय." सतरा वर्षं तो प्यायला. बायकोला सापडू नये म्हणून घरात एकही बाटली ठेवायचा नाही, गिऱ्हाइकांच्या घरी ठेवायचा. पाइपांच्या डक्टमध्ये, गिझरच्या वर, बेसिनच्या खांबात. "गावभर शाखा होत्या माझ्या," असं तो हसत सांगतो.

दुसरी एक गोष्ट तो सांगत नाही. एका दुपारी तो नट न आवळताच एका घरातून निघून गेला. स्वयंपाकघरात पाणी झालं, घरातल्या वयस्क बाई त्यात घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. पुढच्याच आठवड्यात वॉशर केंद्रात दाखल झाला. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दारू बंद आहे आणि तेव्हापासून प्रत्येक नट तो दोनदा आवळतो.

बाई म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेल्या टायपिस्ट. अकरा वर्षं झोपेच्या गोळ्यांवर काढली, सहा वर्षं झाली सोडून. दारूचा वास त्यांना नुसता वास वाटतो. गोळ्यांच्या घरी मात्र जोडी उलटी फिरते. तिथे वॉशर बघतो, मोजतो, फेकतो आणि बाई पाठ करून उभ्या राहतात. एकट्याने झडतीला जायचं नाही, हा केंद्राचा पहिला नियम आहे. चुकून हातात माल आला तर लगेच जोडीदाराला कळवायचं, हा दुसरा.

तिसरी पद्धत कागदाची. घरी जायच्या आधीच्या आठवड्यात पेशंट एका कागदावर आपल्या लपवायच्या जागा लिहितो, पाकिटात घालतो, चिकटवतो आणि चिकटवलेल्या जागेवर सही करतो. वॉशर आणि बाई ते पाकीट न उघडता आधी घर शोधतात. मग घरच्यांसमोर पाकीट फोडायचं आणि ताळा करायचा. शोधात कमी निघालं तर पुन्हा शोधायचं. कागदात कमी निघालं तर पेशंट विसरला किंवा खोटं बोलला. केंद्र त्यासाठी शिक्षा करत नाही. घरचे काय करतील हे घरच्यांवर असतं.

त्या शनिवारचं घर एका चष्मेवाल्याचं होतं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चाळीस दिवस केंद्रात काढून तो दुपारी अडीचला घरी येणार होता. सकाळी साडेअकराला बायकोने दार उघडलं. ती कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर काम करते. वजन, पत्ता, पावती, पुढचा, असं तिचं बोलणं.

"मुलगी माझ्या भावाकडे आहे. पाचला येईल," ती म्हणाली. दाराशेजारी एक मोठी बॅग भरून ठेवलेली होती. "आणि ही आमची बॅग. कागद खरा निघाला तर ते घरात येतील. एक जरी खोटं निघालं तर मी आणि ती जातो. हे त्यांना सांगितलेलं आहे. तुम्हालाही सांगून ठेवते."

"घाई कशाला करताय?" बाई म्हणाल्या.

"चौदा वर्षांनी करतेय ताई. याला घाई म्हणतात का?"

स्वयंपाकघराच्या दाराशी चष्मेवाल्याची आई खुर्चीत बसली होती. चौऱ्याहत्तरची, गुडघ्यांनी अधू. मांडीवर ओट्याच्या फडक्यांचा गठ्ठा होता आणि एकेकाची कड दुमडून ती हाताने टाके घालत होती. वॉशरने वाकून विचारलं, "कशा आहात मावशी?"

"तुम्ही शोधा," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नका."

वॉशर कामाला लागला. फ्लशच्या टाकीतली चपटी दोन मिनिटांत सापडली. गिझरवरची तीन मिनिटांत. स्पीकरच्या जाळीमागे एक, पंख्याच्या खोक्यात एक, कपाटामागच्या फटीत एक अर्धी आणि पडद्याच्या दांड्यावरच्या लाकडी पेटीत एक रिकामी.

"हा माणूस चष्मे विकतो की फर्निचर बनवतो?" बाई लिहिता लिहिता पुटपुटल्या.

"पेटीचे स्क्रू बघा बाई, चष्म्याचे आहेत. बोटाला बारीक लागले."

"तुम्ही आता बोटांनी वाचायलाही लागलात."

बुटांच्या खोक्यात सातवी. आठवी आतल्या खोलीत, खाटेखाली, मुलीच्या जुन्या दप्तरात. वॉशरच्या बोटांना आधी कंपासपेटी लागली, मग काच. त्याने नेहमीसारखा हात मागे केला, पण बाईंनी लगेच घेतली नाही.

"काय झालं?"

"काही नाही. द्या."

शेवटी सिंक. वॉशर पाठीवर आडवा झाला, डोकं कपाटात घातलं, डोळे मिटले. वेस्ट पाइपच्या मागे, अगदी कोपऱ्यात, बोटांना कापड लागलं. कापडात काच. हात आत घालताना त्याचं कोपर पाइपाच्या नटावर आदळलं. तो कुरकुरला, बाटली काढली आणि मागे धरली.

"सीलबंद," बाई म्हणाल्या. "फडक्यात गुंडाळलेली. नऊ."

आठ बाटल्यांतली उरलीसुरली दारू बाईंनी मोरीत ओतली, शिळं पाणी ओतावं तशी. नववी त्यांनी ओट्यावर ठेवली, कारण सीलबंद बाटली घरच्यांना दाखवून मगच ओतायची असते. दीड वाजता सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. आईने खुर्ची हलवली नाही, ती होती तिथूनच ऐकत राहिली. बाईंनी सही दाखवली, पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"एक, फ्लशची टाकी. दोन, गिझर. तीन..." त्या थांबल्या. मग त्याच आवाजात पुढे वाचलं, "तीन, मुलीचं निळं दप्तर, जे ती आता वापरत नाही."

बायकोने टेबलाची कड धरली.

चार, पाच, सहा, सात. "आठ, बुटांचं खोकं. खाली लिहिलंय: एवढंच. दुसरं काही नाही. सही."

"सिंक?" बायकोने विचारलं.

"सिंक नाही."

"पुन्हा बघा."

बाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला. तिने एकेका ओळीवर बोट ठेवून मोजलं, पावत्या मोजाव्यात तसं. आठ. तिने ओट्यावरच्या फडक्यातल्या बाटलीकडे बघितलं आणि वॉशरकडे वळली. "काका, तुम्हाला यातलं कळतं. स्पष्ट सांगा. ही त्यांचीच ना?"

"जरा थांबा," बाई मध्ये पडल्या. "ज्याने दप्तर लिहिलं, तो सिंक कशाला लपवेल? दप्तर लिहायला जास्त हिंमत लागते."

"म्हणूनच," वॉशर म्हणाला. "मीही असंच करायचो. एक मोठं खरं सांगून टाकायचं, म्हणजे त्याच्या आड एक छोटं खोटं राहून जातं. आणि सीलबंद आहे. म्हणजे राखीव साठा. माझाही असायचा, कायम गिऱ्हाइकाच्या सिंकखाली." त्याने मान हलवली. "त्याचीच आहे."

पाच वर्षांत त्याचं असं निदान चुकलेलं नव्हतं. त्यामुळे त्याला एकदाही शंका आली नाही.

अडीचला बेल वाजली. चष्मेवाला दारात उभा होता. दाढी केलेली, शर्ट सैल झालेला, हातात कापडी पिशवी. त्याने आधी बॅग बघितली, मग बायकोचा चेहरा, मग ओट्यावरची बाटली.

"ही कुठली?" त्याने विचारलं.

"तूच सांग," बायको म्हणाली. एरवी ती त्याला अहो म्हणायची.

"मला माहीत नाही."

"सिंकखाली. पाइपामागे."

"मी सिंकखाली कधी ठेवलीच नाही. तिथे गळतं." त्याने वॉशरकडे बघितलं. केंद्रात रविवारच्या बैठकांना वॉशरही यायचा, चाळीस दिवसांतले पाच रविवार दोघं शेजारी बसले होते. "काका, सांगा ना हिला."

वॉशर शांतपणे म्हणाला, "विसरला असशील. तसं म्हण. विसरणं हा गुन्हा नाही."

"मी विसरलो नाही. ती माझी नाही."

"अरे, मीही असाच..."

"तुम्ही तुमचं सांगू नका!" चष्मेवाल्याचा आवाज चढला. "दप्तर लिहिलं मी! ते वाचलंत ना? मग हे का नसतं लिहिलं?"

बायको आत जाऊन चप्पल घालून आली. चष्मेवाल्याने ती चप्पल बघितली. पिशवी हातातच ठेवून तो वळला आणि जिना उतरायला लागला. दुसऱ्या मजल्यापर्यंत पावलं सावकाश ऐकू आली, नंतर भराभर.

बाई उठल्या. "अहो, जा त्याच्या मागे!"

"जातो. एक नट आवळतो आणि जातो. मघाशी कोपर लागलंय, सुटला असेल."

"आत्ता? नट?"

पण वॉशर आडवा झालाही होता. कुठल्याही घराचा नट सुटा ठेवून तो बाहेर पडूच शकत नाही, हे बाईंना माहीत होतं. आता आत बाटली नव्हती, म्हणून डोळे मिटायचं कारण नव्हतं. त्याने पान्हा लावला, नट आवळला, पुन्हा आवळला, आणि खाली बघितलं.

कपाटाचा तळ प्लायवूडचा होता. त्यावर गळतीचा मोठा तपकिरी डाग होता, कडेला क्षारांची पांढरी रेघ. डाग पाइपाच्या खालून निघून थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता, जिथे बाटली होती तिथवर. मध्ये कुठेही कोरडी जागा नव्हती. गळत्या सिंकखाली डबा असो, बादली असो किंवा साबणाची वडी, ती उचलली की खाली तिच्या आकाराचा स्वच्छ भाग राहतो. आयुष्यभर त्याने असे हजार डाग बघितले होते. इथे डाग सलग होता. बाटली डागावर ठेवलेली होती, डाग बाटलीभोवती पडलेला नव्हता.

त्याने डोकं बाहेर काढलं. "हे गळायचं कधी थांबलं?"

"काय?" बायको दारात होती, बॅगेचा पट्टा हातात.

"सिंक. नवा पाइप दिसतोय. कधी बसवला?"

"दहा दिवस झाले. दोन महिने गळत होतं."

"आणि तो केंद्रात गेला त्याला चाळीस दिवस झाले." वॉशर उठून ओट्याशी गेला. बाटलीकडे न बघता त्याने नुसतं फडकं चिमटीत धरून ओढलं आणि उजेडात नेलं. पांढरं, कोरडं, एकही डाग नाही. "महिनाभर गळत्या पाण्यात राहिलं असतं तर हे असं नसतं राहिलं. ही बाटली गेल्या दहा दिवसांत ठेवलीय. तो इथे नव्हताच."

बायकोच्या हातातून पट्टा सुटला. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? मी?"

वॉशर उत्तर देणार तेवढ्यात बाईंनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं. त्याची कड दुमडून हाताने टाके घातलेले होते. बाईंनी दाराकडे बघितलं. वॉशरनेही बघितलं.

"माझी आहे ती," आई म्हणाली.

तिने सुई फडक्यात खोचून ठेवली. "याचे वडील असेच प्यायचे. डॉक्टरने एकदम बंद करायला सांगितली, आम्ही केली. तिसऱ्या दिवशी फिट आली आणि गेले. याच जागी, मी डोकं धरलेलं. शेजारचे म्हणाले, दोन घोट पाजले असते तर जगले असते. तेव्हा घरात नव्हती. म्हटलं, आता असू दे. याला फिट आली तर असू दे. औषध म्हणून."

"अहो आई, तुम्ही आणली कशी?" सुनेने विचारलं.

"चालत. दुकानात सांगितलं, गुडघ्याला चोळायला हवीय. त्या लोकांनी रांगेत पुढे जाऊ दिलं."

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "आजी, तो धोका पहिल्या आठवड्यात असतो. तो आठवडा त्याने केंद्रात काढला, डॉक्टरांसमोर, औषधांवर. आता फिट नाही यायची."

"मला कुणी सांगितलं?" म्हातारीने विचारलं. "त्याला विचारलंत, हिला विचारलंत. मला कुणी काही विचारलं?"

"मघाशी का नाही बोललात?" वॉशरचा आवाज अचानक कोरडा झाला होता.

"तुम्ही म्हणालात त्याचीच आहे. इतकं ठाम म्हणालात, की मलाच वाटलं, आणखी एखादी त्याची असेल. मग तो आला आणि... जीभच वळेना."

वॉशर जिन्याकडे धावला. चष्मेवाल्याला जाऊन पंधरा मिनिटं झाली होती.

रस्त्यावर आल्यावर तो थांबला नाही, पण विचार करत चालला. केंद्रातून सुटताना पैशांचं पाकीट आणि फोन परत मिळतो, म्हणजे खिशात पैसे आहेत. फोन उचलत नाही. घराजवळचं दारूचं दुकान पहिल्या चौकात होतं. तिथे तो गेला नसणार. जवळच्या दुकानात ओळखीचे लोक भेटतात, माणूस दुसऱ्या दुकानात जातो. वॉशर पुलाखालून पलीकडे गेला. दुसऱ्या दुकानासमोर बसथांबा होता. बाकावर चष्मेवाला बसला होता, मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी, शेजारी कापडी पिशवी.

वॉशर धापा टाकत समोर उभा राहिला.

"वास घ्यायला आलात?" चष्मेवाल्याने मान वर केली नाही.

"सांगायला आलो. ती बाटली तुझी नव्हती."

"ते मला माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं. मी चुकलो."

"कोणाची?"

"तुझ्या आईची."

चष्मेवाला हसला, मग एकदम थांबला. "आई? आई पिते?"

वॉशरने शेजारी बसून सगळं सांगितलं. डाग, फडकं, वडील, तिसरा दिवस. चष्मेवाला समोरच्या दुकानाच्या गजांकडे बघत ऐकत होता.

"मला सांगितलं होतं की हार्ट अटॅक," तो शेवटी म्हणाला. दोन बस येऊन गेल्या. "चाळीस दिवसांत मी एकच काम नीट केलं काका. तो कागद. चार वेळा फाडला. दप्तराची ओळ लिहायला सबंध दुपार गेली. आणि तुम्ही एका मिनिटात..."

"हो."

"हो काय हो?"

"दुसरं काय म्हणू? एका मिनिटातच केलं."

चष्मेवाल्याने मांडीवरच्या गुंडाळीचा कागद फाडला. आतली चपटी बाहेर काढली, झाकणावर मूठ आवळली. "खरं बोलून काय मिळालं? सांगा ना. दारात बॅग मिळाली."

चष्मेवाल्याने अचानक बाटली वॉशरच्या हातात कोंबली. "तुम्ही घ्या. घ्या लवकर, नाहीतर मी उघडतो."

नऊ वर्षांत पहिल्यांदा वॉशरच्या हातात भरलेली बाटली होती आणि डोळे उघडे होते. लेबल बदललं होतं. पूर्वी लाल पट्टी असायची, आता निळी होती. रंग तोच, काचेतून ऊन आलं की मधासारखा दिसणारा. अंगठा आपोआप झाकणाच्या खाचांवर गेला होता, तिथेच थांबला होता. तोंडात पाणी सुटलं. चष्मेवाला हे सगळं बघत होता.

वॉशरने डाव्या हाताने फोन काढला. "बाई, पुलापलीकडच्या बसथांब्यावर आहे. चष्मेवाला भेटला, प्यायलेला नाही. चपटी माझ्या हातात आहे. सील शाबूत."

बाईंनी एकच विचारलं, "डोळे?"

"उघडे."

"बाटली बाकावर ठेवा, दोघांच्या मध्ये. हात मांडीवर. फोन कट करू नका, खिशात ठेवा आणि बोलत राहा. मी रिक्षा बघते."

त्याने बाटली मध्ये ठेवली. दोघं दोन बाजूंना, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. समोरच्या दुकानात गिऱ्हाईक येत होतं, जात होतं.

"किती वर्षं झाली तुम्हाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नऊ."

"हात थरथरतोय तुमचा."

"दिसतंय मला."

"मला वाटलं होतं नऊ वर्षांनी नाही थरथरत."

"मलाही वाटलं होतं."

चष्मेवाला थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिला. "तो डाग. पहिल्यांदाच बघितला असता तर कळलं असतं ना?"

"लगेच. ते माझं रोजचं काम आहे."

"आणि बघितलं का नाही?"

"डोळे मिटले होते. बाटली दिसू नये म्हणून."

"आणि निकाल मात्र दिलात. दुकानात येतात असे लोक. पाटीवरचं अक्षर दिसत नाही, पण अंदाजाने ठणकावून सांगतात."

"त्यांचं काय करता?"

"नंबर वाढवून देतो."

खिशातून बाईंचा आवाज आला, "मला ऐकू येतंय सगळं. चौकात अडकलेय. पाच मिनिटं."

पाच मिनिटांची बारा झाली. त्या बारा मिनिटांत चष्मेवाला एकदा उठून रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. वॉशरने दोनदा डोळे मिटले आणि दोनदा स्वतःहून उघडले. बाई रिक्षातून उतरल्या, कुणाशीही न बोलता बाटली उचलली, झाकण फोडलं आणि गटाराच्या जाळीवर उलटी धरली. वास आला तेव्हा दोघांनीही तोंडं फिरवली, एकाने डावीकडे, एकाने उजवीकडे.

"झालं," बाई म्हणाल्या. "घरातली नववी निघतानाच ओतली. आता घरी. तुमची आई मला म्हणाली, मीही येते. म्हटलं, आजी, रिक्षात आधीच माझं वजन आहे."

चार वाजून दहा मिनिटांनी तिघं जिना चढले. दार उघडंच होतं. बॅग होती तिथेच होती. बायको तिच्या मागे उभी होती, पायात अजून चप्पल. चष्मेवाला उंबऱ्याबाहेर थांबला. "आधी वही," तो म्हणाला. "वहीत दुरुस्ती करा. मग मी आत येतो."

बाईंनी वही काढली. वॉशरने ती भिंतीला लावून, उभ्याउभ्या, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कागदात आठ, सापडल्या नऊ. नववी पेशंटची नाही. झडती घेणाऱ्याने न बघता ठरवलं. खाली सही. मग वही बायकोकडे दिली. तिने वाचली, पुन्हा वाचली, परत केली.

"आठ खरे आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "मी मोजले." थोडं थांबून पुढे म्हणाली, "पण दप्तराचं तिला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. ती पाचला येईल."

चष्मेवाल्याने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मघाशी बाकावर होता त्यापेक्षा आता जास्त घाबरलेला दिसत होता. मग त्याने बॅग ओलांडली आणि आत गेला. आईने खुर्चीतून हात पुढे केला. तो तिच्यासमोर बसला, पण हात लगेच धरला नाही.

याला सात महिने झाले. चष्मेवाला दर रविवारी बैठकीला येतो. वॉशरशेजारी मात्र बसत नाही, समोर बसतो. ती बॅग रिकामी झाली की नाही, हे वॉशरने विचारलेलं नाही.

केंद्राने पद्धत बदलली. आता कागद घरातल्या प्रत्येकाला देतात आणि दाखल होण्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून पहिल्या आठवड्याचा धोका समजावून सांगतात. बदल झाल्यावर पहिला कागद चष्मेवाल्याच्या आईकडे पाठवला. तिने त्यावर लिहून दिलं: काही नाही. आणि खाली, बारीक अक्षरात: विश्वास नसेल तर या शोधायला.

वॉशर अजूनही डोळे मिटूनच हात आत घालतो. बाटली मागे जाते, बाई ती घेऊन खोलीबाहेर जातात, आणि तिथून सांगतात, "गेली." मग तो डोळे उघडतो, टॉर्च लावतो आणि ती जिथे होती ती जागा नीट बघतो. कोणाची होती असं कुणी विचारलं तर म्हणतो, "थांबा, अजून बघतोय."